बाईडायरेक्टर आणि लिक्विडिटी
कंपनीच्या बोर्डावर (संचालक मंडळावर) बायका आल्याने शेअरची लिक्विडिटी, म्हणजे हवा तेव्हा योग्य भावात घेता-विकता येणं, कशी वाढेल असं एकाने विचारलंय. थेट नाही वाढत हो, पण बाहेरचं स्वतंत्र माणूस प्रश्न विचारायला लागलं की आतली माहिती वेळेवर बाहेर येते, मग समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहितीय ही भीती कमी होते आणि बाय-सेलच्या भावांमधलं अंतर घटतं. माझ्याकडच्या एका स्मॉलकॅपला (छोट्या कंपनीच्या शेअरला) स्क्रीनवर बाय २१२, सेल २१९, मध्ये कोणीच नाही, विकायचा कसा! २०१५ला सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) महिला संचालक सक्तीची केली तेव्हा बऱ्याच प्रमोटरांनी (कंपनीच्या मूळ मालकांनी) घरातलीच बायको-मुलगी बसवली, त्याने काय होणार? २०१९पासून बाजारमूल्याने टॉप ५०० आणि २०२०पासून टॉप १००० कंपन्यांना ती स्वतंत्रच, म्हणजे प्रमोटरच्या नात्यातली नसलेली, लागते, हे खरं महत्त्वाचं. पण लिक्विडिटीची बोंब तर त्याखालच्या कंपन्यांत जास्त, तिथेही हा नियम यायलाच हवा.