पंप काढायच्या आधी लाइन बघा
तुमच्या बंद पडणाऱ्या डिझेल जीपसाठी वर कुणी 'फिल्टर बदला, नाहीतर इंजेक्शन पंप (इंजिनात दाबानं डिझेल सोडणारा) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला द्या' असं सुचवलंय. पंप काढायचा सल्ला मला घाईचा वाटतो, भाऊ. फिल्टर बदला, हे बरोबरच. पण जुनी डिझेल जीप चालता चालता बंद पडते, डिझेल हातानं पुढे ढकलायचा हातपंप मारला की सुरू होते आणि पुढे काही किलोमीटर नीट जाते, असं तुम्ही लिहिलंय. हे लक्षण बहुतेक वेळा डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याचं असतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथं चीर पडली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. ओल दिसत नाही, म्हणून मिस्त्रीही ती लाइन चांगली समजून सोडून देतो. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात जुना रबरी पाइप कडक होतो आणि क्लिपपाशी चिरतो.

आमच्या गाडीला घाटंजीच्या मिस्त्रीनं फीड पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी जोडली. रेस दिल्यावर बुडबुडे स्पष्ट दिसले. पाइप आणि तांब्याचे वायसर बदलले, इंजेक्शन पंपाला हातही लावावा लागला नाही. बुडबुडे नसतील तर गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. हवा फुस्सकन आत ओढली गेली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलंय, म्हणून डिझेल पुढे ओढलं जात नाही.