ख्रिस्ती कॅलेंडर म्हणायचं कशाला, सगळं तर रोमन आहे

चावडीकर
डिसेंबर सरत आला की "हे आपलं नववर्ष नाही, ख्रिश्चनांचं आहे" असे मेसेज फिरायला लागतात. नसेल आपलं, पण ख्रिश्चनांचं तरी कुठाय? १ जानेवारी घ्या. इ.स.पू. १५३ पासून रोमचे कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले दोन मुख्य कारभारी, त्या दिवशी कारभार हातात घ्यायला लागले, ते पण स्पेनमधली लढाई पेटलेली म्हणून. महिन्यांची नावं रोमन, ३०-३१ दिवसांची वाटणी ज्युलियस सीझरची. आधीचं रोमन वर्ष ३५५ दिवसांचं, मेळ बसवायला मधेच जादा महिना घालायचा आणि तो घालायचा की नाही हे पुरोहितमंडळ ठरवणार, म्हणजे राजकारण आलंच. रोमन पुढारी सिसेरो सिलिसिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) गव्हर्नर होता तेव्हा रोमला मित्रांना पत्रं लिहून विनवत होता की बाबांनो यंदा जादा महिना घालू देऊ नका, माझी इथली मुदत लांबेल! या सगळ्या घोळाने महिने ऋतूंच्या पुढे इतके पळाले की सीझरला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. यात येशू कुठे आहे? तो जन्मलाही नव्हता. चर्चने नंतर नुसता आकडा चिकटवला.

मिठाचाखडा
"नुसता आकडा" काय? रोममध्ये सलग आकडा मोजायची रोजची पद्धतच नव्हती, अमुक आणि तमुक कॉन्सल असतानाचं वर्ष असं सांगायचे. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या जोडीचा दुसरा कॉन्सल बिब्युलस घरी बसून राहिला तर लोकांनी "ज्युलियस आणि सीझर यांचं वर्ष" म्हणून टिंगल केली होती. पुढे रोमन बादशहा डायोक्लेशनच्या राज्यापासून वर्षं मोजायची पद्धत पडली, पण तो ख्रिश्चनांचा छळ करणारा बादशहा, म्हणून ५२५ साली डायोनिसियस नावाच्या साधूने ईस्टरची कोष्टकं करताना त्याचं नाव काढून येशूच्या जन्मापासून मोजायला घेतलं. आज जगभर चेकवर जो सन पडतो तो त्याचा, सीझरचा नाही.

चावडीकर
आणि तोही चुकीचा. हेरोद राजा साधारण इ.स.पू. ४ मध्ये मेला आणि मॅथ्यूच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू त्याच्या हयातीत जन्मला. म्हणजे येशू ख्रिस्तपूर्व काळात जन्मला, घ्या!

मिठाचाखडा
आकडा चुकला म्हणून कॅलेंडर रोमन होत नाही. पोप ग्रेगरीने १५८२ ला कॅलेंडर सुधारलं ते बघा. ४ ऑक्टोबर गुरुवार, दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर शुक्रवार. सीझरचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा किंचित लांब, त्यामुळे साचलेले १० दिवस गाळले. १० च का? सीझरपासून हिशेब केला असता तर जास्त निघाले असते. पोप ग्रेगरीला सीझरशी देणंघेणं नव्हतं, त्याला ३२५ च्या नायसियातल्या चर्च-परिषदेच्या वेळचं २१ मार्चचं विषुव (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) परत जागेवर आणायचं होतं कारण त्याच्यावर ईस्टर ठरतो. सगळा खटाटोप एका सणासाठी. भिंतीवर आज टांगलंय ते कॅलेंडर या सुधारणेतून आलेलं आहे.

गूळशेंगदाणे
तुम्ही दोघं बादशहा आणि पोप यांच्यातच अडकलात. रोममधल्या साध्या माणसाला कॅलेंडर कशाला लागायचं? देणी कधी फेडायची ते कळावं म्हणून! महिन्याचा पहिला दिवस म्हणजे कॅलेंड्स, त्या दिवशी व्याज भरायचं, त्यामुळे कर्जबाजारी माणसाला तो नकोसा. आणि १ जुलैला घरभाड्याचे करार बदलायचे, भाडं थकलं की त्या दिवशी बाडबिस्तरा रस्त्यावर. पाच-सहा मजली इमारती, तळाला दुकानं, वर जाल तसं भाडं कमी आणि आग लागली तर जीव जायची भीती जास्त, आपल्या जुन्या गिरणगावातल्या चाळीच समजा.

तारीख सांगायची पद्धत तर विचारू नका, पुढच्या ठरलेल्या दिवसापासून उलटी मोजायची आणि दोन्ही टोकं धरून. म्हणजे ३० डिसेंबरला म्हणायचं "जानेवारीच्या कॅलेंड्सच्या आधीचा तिसरा दिवस". लीप वर्षाचा जादा दिवसही २९ फेब्रुवारी नाही, २४ फेब्रुवारी दोनदा मोजायची.

रोमजवळच्या अँटियमला गिलाव्यावर रंगवलेलं एक कॅलेंडर सापडलंय, सीझरच्या आधीच्या रचनेचं तेवढं एकच हाताशी आहे. प्रत्येक महिन्याचा उभा रकाना, दिवसाला ए ते एच अशी ८ अक्षरं फिरत जातात, म्हणजे दर आठव्या दिवशी बाजार. पुढे कोर्टकचेरीची कामं चालणारा दिवस की बंद याची खूण. शेतकरी बाजाराला गावात यायचा, भाजी विकायचा, दाव्याचं काय झालं बघून परत जायचा.

मिठाचाखडा
बघा, आता तुम्हीच सांगितलंत, ८ दिवसांचं चक्र. मग ७ कुठून आले? ज्यू आणि ख्रिश्चनांकडून. ३२१ मध्ये रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने रविवारची सुट्टी केली. रोज जगताना जाणवतो तो आठवडा, महिन्यांची नावं काय कोणीही ठेवावीत.

चावडीकर
त्या हुकमात येशूचं नाव नाही, "सूर्याचा पूजनीय दिवस" असं लिहिलंय. आणि शेतकऱ्यांना सुट्टीची सक्ती नाही बरं का, त्यांना नांगर चालवायची मोकळीक. शिवाय पॉम्पेईच्या भिंतीवर ग्रहांच्या नावाने वार लिहिलेले सापडलेत, म्हणजे इ.स. ७९ ला ते शहर ज्वालामुखीत गाडलं गेलं त्याच्या आधीचे, तिथे चर्च कुठे होतं? तेच ग्रहांचे वार आपल्याकडे मध्यप्रदेशातल्या एरणच्या ४८४ च्या शिलालेखात येतात, गुरुवार. त्यामुळे आठवडा चर्चने "दिला" हे मला पटत नाही.

कोकणमेवा
कोणी नाताळ चोरलेला सण आहे असं अजून कसं म्हटलं नाही? रोमन लोकांचा सॅटर्नेलिया सण, मालकाने गुलामांना जेवायला वाढायचं, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट द्यायच्या, सगळं तिथलंच.

मिठाचाखडा
सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होऊन आठवड्याभरात आटपायचा, २५ ला नाही. २५ ला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस होता हे खरं, पण तो आणि येशूचा जन्म दोन्ही ३५४ च्या एकाच रोमन कॅलेंडर-संग्रहात एकदमच दिसतात, कोणी कोणाचा घेतला ते त्यावरून ठरत नाही. दुसरा हिशेब असा की येशू गर्भात आला तो २५ मार्च धरला आणि ९ महिने पुढे मोजले. चोरी वगैरे व्हॉट्सअपवर ठीक आहे.

शिरवळकर_जुने
इतिहासवाल्यांना या भांडणाचा खरा ताप होतो. पोर्तुगालने १५८२ लाच नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी १७५२ पर्यंत "पोपचं" म्हणून नाकारलं. त्यामुळे शिवकाळात गोव्याचा पोर्तुगीज कागद आणि मुंबई-सुरतेचा इंग्रजी कागद यांच्या तारखांत १० दिवसांचा फरक, घटना एकच. राज्याभिषेक ६ जून १६७४ म्हणतो ती ज्युलियन, म्हणजे सीझरच्या जुन्या हिशेबाची, नव्या हिशेबाने १६ जून. जन्मतारीखसुद्धा १९ फेब्रुवारी १६३० ज्युलियन, ग्रेगोरियनमध्ये १ मार्च. म्हणून मी आधी तिथी बघतो, मग बाकीचं. इंग्रज तर वर्षही २५ मार्चला बदलायचे, जानेवारीतल्या पत्रावर मागचाच सन.

चावडीकर
हे तर माझ्याच बाजूचं झालं! २५ मार्च हा चर्चचा सण, इंग्रजांनी तो वर्षारंभ धरून बघितला आणि शेवटी १७५२ ला गपचूप रोमच्या १ जानेवारीवर आले.

मिठाचाखडा
आणि इंग्रजांनी वर्षारंभ बदलला त्याच कायद्यात पोपचे दिवसही गिळले, तोवर १० चे ११ झालेले, ते सोयीस्कर विसरलात.