स्टुटगार्टजवळ नोकरीला १६ महिने झाले, थांबू की सोडू?

कृष्णाकाठची:
मी कराडची. सांगलीत मेकॅनिकल केलं, मग जर्मनीत केम्निट्झला मास्टर्स. आता गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत संगणकावर सिम्युलेशन करते, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर.

बॅटरी ट्रेच्या एका ब्रॅकेटला वेल्डपाशी तडा जात होता. सगळे वेल्डरला दोष देत होते. मी तीन आठवडे त्याच्यामागे होते. मेश, म्हणजे सिम्युलेशनमधली जाळी, बारीक करून पुन्हा चालवलं तेव्हा दिसलं, की शेजारचं बोल्टचं भोक वेल्डच्या फार जवळ आहे आणि सगळा ताण तिथं गोळा होतोय. भोक चार मिलिमीटर सरकवलं आणि पुढच्या चाचणीत तडा गेला नाही.

ग्राहकासमोर ते मांडलं तेव्हा आलेख माझे होते आणि स्लाइडवर नाव सहकाऱ्याचं. मी त्याच टेबलाशी बसले होते. सगळं बोलणं तिथल्या श्वेबिश वळणाच्या जर्मनमध्ये. प्रश्न माझ्या लक्षात येईपर्यंत त्यानं उत्तर देऊन टाकलं होतं.

त्या रात्री जेवले नाही. आईला फोनवर ‘छान चाललंय’ म्हणाले. कर्जाचे हप्ते अजून चार वर्षं आहेत. मला खरंच काम येतं का, हीच शंका आता यायला लागलीय.

नेकारकाठ:
अगं, आधी एक: रागाच्या भरात राजीनामा देऊ नकोस. १२ महिन्यांहून जास्त विमा भरलायस, म्हणून बेकारी भत्ता मिळेल, पण सबळ कारणाशिवाय आपणहून सोडलंस तर साधारण १२ आठवडे तो अडवतात. शिवाय नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं. दुसरी नोकरी हातात आल्यावर सोड. ब्लू कार्डवरचं पहिलं वर्ष उलटलंय, तेव्हा अटीत बसणारी नोकरी बदलायला तुला कुणी थांबवत नाही. आणि जर्मन भाषेची बी१ पातळी झाली असेल तर २१ महिन्यांवर पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो, म्हणजे पाचच महिने राहिले. मी इथं अकरा वर्षं आहे. पीआर हातात आल्यावर साहेबाशी बोलताना माझा आवाज बदलला होता, हे मला अजून आठवतं.

डोंबिवलीकर_म्युनिक:
थांबायचं असो वा जायचं असो, त्स्विशनत्सॉयग्निस, म्हणजे मधल्या काळातलं प्रमाणपत्र, मागून घ्या. साहेब बदलणार असेल तर ते सहज मागता येतं. मात्र त्यातली भाषा नीट वाचा. ‘स्टेट्स त्सु उन्झरर फोल्स्टन त्सुफ्रीडनहाइट’, म्हणजे ‘नेहमीच आमचं पुरेपूर समाधान होईल असं’, असेल तर उत्तम. त्यातलं ‘स्टेट्स’ गेलं आणि ‘फोल्स्टन’चं ‘फोलन’ झालं तर मधलीच श्रेणी. ‘कायम प्रयत्न केले’ असं लिहिलं तर कौतुक समजू नका, काम जमलं नाही असा त्याचा अर्थ. मी पहिल्या वेळी ते आनंदानं घरी पाठवलं होतं. एका जर्मन मैत्रिणीनं वाचून दाखवल्यावर कळलं.

उंबरठा:
मला नावाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. पीआर होईल, पण पाच महिने हेच गिळत राहिलीस तर स्वतःवरचा विश्वास जाईल, तो कुठलं कार्यालय परत देणार? साहेबाला वेगळं भेट. सहकाऱ्याची तक्रार करू नकोस. ‘हे गणित मी केलं, पुढच्या वेळी मीच मांडेन’ एवढंच म्हण. तिथं स्पष्ट बोललेलं कुणाला उद्धट वाटत नाही. आपल्याला मात्र लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं. आणि आईला खरं सांग. तिला आवाजावरून कळलेलंच असणार.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘आधी जेव.’

आज साहेबांना भेटले. स्लाइडवर नाव कुणाचं आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं म्हणे. खरं की खोटं, माहीत नाही. पण गुरुवारी दहा मिनिटं मला दिलीत, जर्मनमध्ये. बी१ची परीक्षा अजून व्हायचीय, तीही नोंदवली.

नेकारकाठताई, रविवारी संध्याकाळी अर्धा तास माझं बोलणं ऐकून घ्याल का? ‘भोकाची कड’ म्हणताना अजून अडखळते मी.