गाड्यांच्या फोटोला फुल फ्रेमच पाहिजे म्हणे!

क्रॉपवाला: काल इथंच एकानं ठोकून दिलंय, 'गाड्यांचे फोटो काढायचे तर फुल फ्रेमच, क्रॉप म्हणजे पोरखेळ.' फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरचा. डोकं फिरलं वाचून. आठ वर्षं निकॉन डी ७२०० या क्रॉप कॅमेऱ्यावर गाड्या काढतोय मी. अरे मर्दा, चार मीटरची गाडी नाकापासून डिकीपर्यंत शार्प पाहिजे म्हणून तू लेन्सचं भोक बारीक करून एफ ८ लावणार, मग फुल फ्रेमचा तो मागचा मलईदार ब्लर काय लोणच्यात घालणार? क्रॉपवर ५५ एमएम लेन्स लावली की फुल फ्रेमवरच्या ८२ चं फ्रेमिंग मिळतं, मागं सरकून काढलं की बॉनेट फुगत नाही. उरलेल्या पैशात पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिल्टर, घे.

रंकाळा_रात्री: मीच तो. 'पोरखेळ' जरा जास्त झालं, बाकी अक्षर मागं घेत नाही. दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींची जुनी मोटार मायबाख येते तेव्हा उजेड उतरलेला असतो. त्या गर्दीत ट्रायपॉड कुठं उघडणार? आयएसओ ६४०० वर, म्हणजे कमी उजेडासाठी वाढवलेल्या संवेदनशीलतेवर, माझ्या फुल फ्रेम डी ७५० चा फोटो छापण्यासारखा आला, शेजारच्या क्रॉपवाल्याच्या सावल्यांत नुसत्या दाणेदार मुंग्या. सेन्सर सव्वादोन पट मोठा आहे भावा, उगाच नाही.

गॅरेजचं_पोरगं: पोलरायझर घे म्हणणं सोपं आहे. मी घेतला. एका गिऱ्हाईकाची नवी एसयूव्ही काढली, तर मागच्या काचेवर सगळीकडं काळे-निळे ठिपके. 'काच फोडलीस काय?' म्हणून भांडायला घरी आला. टफन काचेतला ताण पोलरायझरमधून दिसतो, हे त्याला समजवेपर्यंत चहा दोनदा झाला. पैसे अजून आलेले नाहीत.

क्रॉपवाला: मग फिल्टर फिरवून दोन फोटो घ्यायचे, एकात बॉनेट साफ, दुसऱ्यात काच, नंतर जोडायचे. एवढं येत नसेल तर गाड्या धू.

रंकाळा_रात्री: जोडलेल्याला फोटो म्हणतोस? आणि सगळी चमक मारलीस की गाडी प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. दारावरची आभाळाची रेघ हाच तर गाडीचा आकार!

क्रॉपवाला: त्या रेघेत तुझी चड्डी पण दिसते, तुझे मागचे फोटो बघितलेत मी.

गॅरेजचं_पोरगं: गाड्या मी रोजच धुतो दादा, तेच काम आहे माझं. आणि जोडत बसायला तास जातो. हायवेवरचा जुन्या गाड्यांचा डीलर एका गाडीचे शंभर रुपये देतो, वर म्हणतो, 'आमचा पोरगा मोबाईलवर काढतोय की.'

शटरदादा: सेन्सर-सेन्सर काय लावलंय? गो-कार्टच्या ट्रॅकवर नव्या मिररलेस कॅमेऱ्यानं सायलेंट, म्हणजे पडदा न हलणाऱ्या शटरवर पॅनिंग केलं, गाडीबरोबर कॅमेरा फिरवला, तर चाकं अंड्यासारखी आली. सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, तोवर चाक फिरलेलं असतं. पडद्याच्या मेकॅनिकल शटरवर १/६० सेकंदाला तीच चाकं गोल. बॉडी घेताना हे बघा आधी.

रंकाळा_रात्री: हे मात्र खरं. माझी डी ७५० जुनी म्हणून हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

क्रॉपवाला: डी ७२०० ला पण मेकॅनिकलच आहे, उगाच कॉलर ताठ करू नकोस. दसऱ्यापुरतं तुझं खरं, जा. तेवढ्या दिवसाला बॉडी भाड्यानं देणार काय? डिपॉझिट मागणार असशील तर मुंग्याच बऱ्या.