एडिटर आणि टर्मिनलला वेगवेगळे फॉन्ट: कुणी काय लावलंय?

विश्वामित्रीकाठ
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजोबांनी जमवलेली अडीच हजारांवर पुस्तकं आहेत, मराठी आणि गुजराती दोन्ही. दिवाळीपासून त्यांची यादी करतेय. यादी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) आहे, दुबार नोंदी शोधायला पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिलीय. काम सगळं व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज लॅपटॉपवर. त्यात वर एडिटर (फाइल लिहायची जागा) आणि खाली टर्मिनल (आज्ञा टाइप करून स्क्रिप्ट चालवायची खिडकी) असतं.

गेल्या आठवड्यात एडिटरला जेटब्रेन्स मोनो हा कोडसाठीचा फॉन्ट लावला. कोड सुरेख दिसायला लागला, पण खालच्या टर्मिनलचाही फॉन्ट आपोआप बदलला. शिवाय टर्मिनलमध्ये मराठी नावांचे तुकडे पडतात, वेलांटी भलतीकडे जाते, रकाने एकाखाली एक येत नाहीत. दोन्हीकडे वेगळे फॉन्ट ठेवता येतात का? तुम्ही कोणते ठेवलेत? संध्याकाळी डोळे फार शिणतात, म्हणून विचारून एकदाच काय ते लावावं म्हणते.

अलकापुरीकर
येतात. सेटिंग्जमध्ये 'फॉन्ट फॅमिली' शोधा (इंग्रजीत टाइप करा). एडिटरची चौकट वेगळी, टर्मिनलची वेगळी. टर्मिनलची रिकामी असली की तो एडिटरचाच फॉन्ट उचलतो, तुमचं तेच झालंय. अक्षरांचा आकार मात्र आधीपासूनच दोन्हींचा स्वतंत्र असतो.

मांजलपूर
ताई, मराठीचे तुकडे पडतात त्यावर फॉन्ट बदलणं हा उपाय नाही. आधीच सांगतो, म्हणजे त्यात आठवडा जायचा नाही.

टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद, सगळे खण सारख्या रुंदीचे. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर, पण पायथनला त्याची लांबी विचारा, ४ सांगेल: क, हलन्त, ष, वेलांटी. वेलांटी साठवली जाते शेवटी आणि दिसायला हवी सगळ्यांत आधी. हे चार अवयव किती खणांत बसवायचे याचा हिशोब स्क्रिप्ट एक करते, टर्मिनल दुसराच. रकाने तिथे सरकतात. एडिटरमध्ये खणांची सक्ती नसते, म्हणून जोडाक्षरं नीट जुळतात.

म्हणून मी मराठी-गुजराती वाचतो ते एडिटरमध्येच, टर्मिनलमध्ये फक्त आज्ञा आणि आकडे. तुमची स्क्रिप्ट दुबार नोंदी पडद्यावर छापत असेल तर त्या फाइलमध्ये लिहू द्या आणि फाइल शेजारच्या टॅबमध्ये उघडा. टर्मिनलवर नोंद क्रमांक आला तरी पुरे.

आता फॉन्ट. जेटब्रेन्स मोनोमध्ये देवनागरी नाही, गुजरातीही नाही. तुम्हाला ती अक्षरं दिसतात ती सिस्टीमने दुसरीकडून आणलेली. कुठून आणायची ते आपणच सांगावं. एडिटरच्या चौकटीत स्वल्पविराम देऊन क्रमाने लिहा: जेटब्रेन्स मोनो, मुक्ता, मुक्ता वाणी, शेवटी मोनोस्पेस (म्हणजे सिस्टीमचा कोणताही सारख्या रुंदीचा फॉन्ट). नावं रोमनमध्ये, जागा असलेली नावं एकेरी अवतरणात. मुक्ता आणि तिची गुजराती बहीण मुक्ता वाणी, दोन्ही मुंबईच्या एक टाइपच्या, मोफत. दोन्ही लिप्या एकाच हातच्या असल्यामुळे यादीत शेजारी शेजारी फार छान दिसतात. बडोद्याच्या घरातल्या यादीला यापेक्षा योग्य जोडी मला माहीत नाही. पण मुक्ता पहिली लिहू नका! तिच्यात रोमन अक्षरंही आहेत, मग कोडही तिच्यातून येईल आणि सगळी रुंदी बिघडेल.

ओळींची उंचीही वाढवा, १.६ लिहून बघा. उकार आणि रफार मोकळे झाले की डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

टर्मिनलला कॅस्केडिया मोनो. शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे ओळखू येतात. नोंद क्रमांक तपासताना तेच लागतं.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. माझं मत थोडं वेगळं आहे. मी दोन्हीकडे एकच फॉन्ट ठेवतो. नजर वर-खाली करताना अक्षरांचं वळण बदललं की मला त्रास होतो. टर्मिनलचा आकार फक्त एकाने कमी ठेवलाय. प्रॉम्प्टमध्ये (टर्मिनलच्या आज्ञेआधीच्या ओळीत) गिटच्या, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या, शाखेचं चिन्ह वगैरे हवं असेल तर मात्र टर्मिनलला नर्ड फॉन्ट (जादा चिन्हं घातलेला फॉन्ट) लागतो, नाहीतर चौकोन दिसतात. जेटब्रेन्स मोनोचीही नर्ड आवृत्ती मिळते, वळण तेच राहतं.

अलकापुरीकर
चौकोनांवरून आठवलं. ताई, चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर फॉन्टचा दोष नाही, एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) चुकलंय, फाइल यूटीएफ-८ या सर्व लिप्या चालणाऱ्या पद्धतीत आहे का बघा. आणि ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर टाइप करताना मात्रा अक्षराच्या आधी पडलीय. त्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतील.

विश्वामित्रीकाठ
मनापासून आभार. काल रात्री मुक्ता आणि मुक्ता वाणी बसवले, ओळींची उंची १.६ केली. आजोबांची गुजराती पुस्तकं प्रथमच मराठीच्या बरोबरीने नीट वाचता आली. टर्मिनलला कॅस्केडिया मोनो आहे, दुबार नोंदी आता फाइलमध्ये जातात. ठिपक्यांची वर्तुळं शोधली, एकोणीस सापडली! सगळी सुरुवातीच्या नोंदींमधली, तेव्हा नवा कीबोर्ड शिकत होते. ती दुरुस्त करायला आज बसतेय.

लष्करवाला, एकाच वळणाचं तुमचं म्हणणं पटतं, पण मला उलट फायदा झाला. फॉन्ट वेगळा असल्याने नजर वर आहे की खाली, ते लगेच कळतं.