विक्रीपूर्वी जुन्या सेसना १७२ ला संपूर्ण नवा रंग द्यावा का?

प्रश्न – बाणेरकर_१७२

सर्वांना नमस्कार. आम्ही पुण्यातील तिघे मित्र गेली अकरा वर्षे सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानाचे सामाईक मालक आहोत. विमान १९७५ सालचे, १७२एम प्रकारचे असून सध्या बारामती विमानतळावरील हँगरमध्ये आहे. आमच्यापैकी एक जण कायमचा परदेशी गेला आणि दुसऱ्याला आता वैद्यकीय प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे जड मनाने का होईना, पण विमान विकण्याचा निर्णय आम्ही घेतला आहे.

इंजिनाच्या मागील ओव्हरहॉलनंतर (संपूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) सुमारे सातशे तास झाले आहेत, लॉगबुके पहिल्या पानापासून सलग उपलब्ध आहेत आणि विमानाला अपघाताचा इतिहास नाही. अडचण फक्त रंगाची आहे. पंखांच्या वरच्या बाजूला हात फिरवला की पांढरी भुकटी खडूसारखी तळव्याला लागते, शेपटीकडे जाणारा लाल पट्टा उडून गुलाबी झाला आहे आणि काउलिंगच्या (इंजिनावरील आवरणाच्या) कडेला रंगाचे पोपडे निघाले आहेत. आतापर्यंत दोन ग्राहक येऊन गेले. त्यांपैकी एकाने लॉगबुक उघडण्याआधीच किंमत कमी करण्याची भाषा सुरू केली.

जुना रंग पूर्ण काढून नवा देण्यासाठी जो खर्च आम्हाला सांगण्यात आला, तो विमानाच्या अपेक्षित किमतीच्या जवळपास सहाव्या हिश्श्याइतका आहे. दुसरीकडे, चाकण परिसरात गाड्यांचे रंगकाम करणारे एक परिचित गृहस्थ जुन्या रंगावर घासकाम करून, त्यावरच नवा रंग फारच कमी पैशांत आणि दसऱ्याच्या आत देण्यास तयार आहेत. हा खर्च विक्रीच्या किमतीतून परत मिळतो का, आणि दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १ – निवृत्त_विमान_अभियंता

आपण विचारले ते बरे केले, कारण आधी रंग देऊन मग विचारणारेच अधिक भेटतात. चाकणचा मार्ग कृपया धरू नये. त्या गृहस्थांच्या कौशल्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही, परंतु विमानाचा रंग हा देखभालीचा भाग आहे आणि तो मान्यताप्राप्त देखभाल संस्थेत, परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि लॉगबुकातील सहीनिशीच झाला पाहिजे. ज्या रंगकामाची लॉगबुकात नोंद नाही, ते खरेदीदाराच्या अभियंत्याला दिसताक्षणी आपल्या सलग लॉगबुकांचे मोल कमी होईल, आणि आपल्या विमानाची खरी मालमत्ता तीच आहे.

कारणे समजून घ्यावीत. आपल्या विमानाचा पत्रा हा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. गंजापासून संरक्षण तोच करतो. गाडीच्या पोलादी पत्र्यावर चालवतात तसा यंत्राने सँडर चालवला, तर हा थर निघून जातो आणि रिव्हेटची डोकीही घासली जातात. पोलादी काथ्याने घासण्याची चूक तर कधीच होऊ देऊ नये, कारण त्याचे सूक्ष्म कण अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे त्या प्रत्येक कणाभोवती गंज धरतो.

त्याहून गंभीर गोष्ट एलरॉन, एलिव्हेटर आणि रडर, म्हणजे पंख आणि शेपटीवरील विमान वळवणाऱ्या व वर-खाली नेणाऱ्या हलत्या भागांची आहे. हे भाग बिजागरीभोवती विशिष्ट मर्यादेत समतोल राखून बसवलेले असतात. जुन्या रंगावर नवा रंग चढला की बिजागरीच्या मागील बाजूचे वजन वाढते, आणि तो समतोल मर्यादेबाहेर गेला तर वेगात असताना त्या भागाला फडफड सुटून काही क्षणांत तो तुटूही शकतो. म्हणून रंगानंतर हे भाग उतरवून, निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेप्रमाणे त्यांचा समतोल तपासावा लागतो. त्यानंतर विमानाचे वजन करून वजन-समतोलाची नवी नोंदही करावी लागते. हे सारे गाड्यांच्या रंगशाळेत कोण करणार?

मास्किंग टेपविषयीही सांगतो, कारण हा विषय निघाला की मला राहवत नाही. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेले एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि विमानातील सत्तरही जण मृत्युमुखी पडले. विमान धुताना स्थिर दाबाच्या छिद्रांवर (बाहेरील हवेचा दाब उंची आणि वेग दाखवणाऱ्या उपकरणांपर्यंत नेणाऱ्या छिद्रांवर) लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती, त्यामुळे वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत होते. आपल्या विमानालाही तसेच छिद्र आहे. त्याशिवाय पंखांखालची पाणी निथळण्याची छिद्रे आहेत. ती रंगाने बुजली तर पाणी आत साचून राहते.

रीतसर काम करायचेच असेल, तर क्रम असा असतो: खिडक्यांची अॅक्रिलिक काच स्ट्रिपरच्या (रंग काढणाऱ्या रसायनाच्या) वाफेनेही खराब होते, म्हणून ती आधी नीट झाकायची, रसायनाने जुना रंग काढून पत्रा धुवायचा आणि गंजाची तपासणी करायची, नंतर पत्र्याला गंजरोधक थर देणारी क्रोमेटची प्रक्रिया, मग इपॉक्सी प्रायमर आणि शेवटी पॉलियुरेथेन रंग. या रंगाचा हार्डनर (त्यात मिसळायचे, रंग कडक करणारे द्रव्य) हवेतील ओलाव्याशीही अभिक्रिया करतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आर्द्रता नियंत्रित करणारी बंदिस्त जागा नसेल तर रंगाची चकाकी जाते किंवा बुडबुडे येतात, त्यामुळे दसऱ्याच्या आत काम उरकण्याची घाई कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

आता मुख्य प्रश्न. विकण्यासाठी म्हणून केलेल्या संपूर्ण रंगकामाचा पूर्ण खर्च किमतीतून परत आल्याचे मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिले. विमान लवकर विकले जाते, एवढे मात्र खरे.

उत्तर २ – जुहूचा_माजी_मालक

अभियंता साहेबांच्या म्हणण्याला मी माझ्या नुकसानीची जोड देतो. आमचे चार आसनी विमान काही वर्षे जुहूला उभे असे. विक्रीच्या आधी आम्ही एका ठिकाणाहून त्याला संपूर्ण नवा रंग देऊन घेतला. काम मान्यताप्राप्त होते आणि नोंदीही झाल्या होत्या. विमान हँगरबाहेर आले तेव्हा आम्ही सर्व जण बराच वेळ नुसते पाहत उभे होतो.

बाजार मंद असल्याने ग्राहक मिळायला वेळ लागला. चौदा महिन्यांनी ग्राहकाच्या अभियंत्याने पंखाखाली झोपून विजेरी तिरपी धरली, तेव्हा दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यालगत तांदळाच्या दाण्याएवढे फुगवटे ओळीने दिसले. त्याने आमच्या परवानगीने एक फुगवटा नखाने उचलला, तर आतून पांढरी भुकटी सांडली. रंग काढताना वापरलेले रसायन सांध्यात अडकून राहिले होते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याने आतून पत्रा खाल्ला होता. शेजारच्याच भागात रंगाखाली दोऱ्यासारख्या बारीक वेटोळ्या रेषाही उठल्या होत्या. दमट हवेत रंगाखाली असाच गंज पसरतो, असे त्या अभियंत्याने समजावून सांगितले.

रंगावर जेवढे खर्च केले, त्याहून अधिक रक्कम आम्हाला किमतीतून कमी करावी लागली. पैशांपेक्षाही मनाला लागले ते असे, की आम्ही काहीतरी झाकण्यासाठी रंग दिला असावा, अशी शंका ग्राहकाच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत होती, आणि ती दूर करण्यासाठी आमच्याकडे काहीही नव्हते. रंग काढलेल्या उघड्या पत्र्याचे एक छायाचित्रही आम्ही काढून ठेवले नव्हते.

उत्तर ३ – खरेदी_तपासणी

मी प्रशिक्षण संस्थांसाठी जुनी विमाने तपासतो, म्हणून ग्राहकाची बाजू मांडतो. १७२ चा ग्राहक बहुधा प्रशिक्षण संस्थाच असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशी संस्था पुढे आपल्याच रंगसंगतीत विमान रंगवून घेते. आपण निवडलेल्या पट्ट्यांसाठी ती पैसे मोजणार नाही. तिला इंजिनाचे उरलेले तास, सांगाड्याची स्थिती आणि कागदपत्रे हवी असतात.

जुना, फिकट पण मूळचा रंग मला तपासणीच्या दृष्टीने सोयीचा वाटतो. सैल झालेल्या रिव्हेटच्या मागे हवेच्या दिशेने काळसर ओघळ उमटतो. तो जुन्या रंगावर लगेच दिसतो आणि नव्या रंगाखाली काही काळ दिसत नाही. त्या काळातील अनेक सेसना विमानांना आतील बाजूने कारखान्यातून प्रायमर दिलेला नसे, त्यामुळे आम्ही तपासणीची झाकणे उघडून आतच आधी पाहतो. आपण पंखांच्या आतील बाजूस गंजरोधक फवारणी केलेली असेल आणि तिच्या नोंदी असतील, तर बाहेरच्या रंगापेक्षा त्याचे मोल माझ्या लेखी अधिक आहे.

बाणेरकर_१७२

तिघांचेही मनःपूर्वक आभार. चाकणचा विचार आम्ही सोडून दिला आहे. गंजरोधक फवारणी दोन वेळा झाली असून तिच्या नोंदी आहेत. फक्त एकच शंका उरते. विमान आहे त्याच अवस्थेत दाखवले, तर पहिल्या नजरेतच ग्राहकाचे मन उतरते, हे आम्ही प्रत्यक्ष अनुभवले आहे. त्यावर संपूर्ण रंगाखेरीज काही उपाय आहे का?

निवृत्त_विमान_अभियंता

आहे, आणि आपल्या जागी मी असतो तर तोच केला असता. पंखांवरची भुकटी म्हणजे रंगाचा मेलेला वरचा थर आहे. विमान सौम्य साबणाने धुऊन, रंगाच्या खालच्या थरात जीव असेल तेथे हाताने पॉलिश करावे. रिव्हेटच्या डोक्यांवर आणि कडांवर जोर देऊ नये, कारण तेथे रंग सर्वांत पातळ असतो. स्थिर दाबाच्या छिद्रात पॉलिश जाणार नाही याची काळजी घेऊन, शेवटी ते छिद्र आपल्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे. काउलिंग आणि पंखांची टोके काढता येतात. तेवढी मान्यताप्राप्त संस्थेत रंगवून घ्यावीत आणि नोंद करावी. समोरून येणाऱ्या माणसाची नजर प्रथम तेथेच जाते. एलरॉन, एलिव्हेटर आणि रडर यांना रंगाचा ब्रशसुद्धा लावू नये.

संपूर्ण रंगाचे जे दरपत्रक आपल्याला मिळाले आहे, ते लेखी स्वरूपात घेऊन लॉगबुकांच्या फाइलमध्ये ठेवावे. ग्राहकाने रंगाचा विषय काढला की ते त्याच्यासमोर ठेवा. मग घासाघीस एका ठरावीक आकड्याभोवती होते आणि रंग कोणता द्यायचा, हे ज्याचे त्यालाच ठरवता येते. झाकणे उघडून पंखांच्या आतील छायाचित्रेही आताच, तारखेसह काढून त्याच फाइलमध्ये लावा. पावसाळा संपल्यावर बारामतीला माझी फेरी होणार आहे; आपली हरकत नसेल तर झाकणे उघडताना मी स्वतः उपस्थित राहीन.