बिनचरबीचा खिमा: कसा निवडता, कसा शिजवता? आपापले अनुभव लिहा

डॉक्टरनं आमच्या बाबांची चरबी बंद केली, मटन नाही. मागच्या बाजारी अर्धा किलो खिमा आणला, कुकरमधे पाच शिट्ट्या मारल्या, थंड झाल्यावर वर तुपासारखा पांढरा थर आला तो काढून फेकला अन् खाली उरला तो भुसा. तुम्ही कसा करता सांगा बाप्पा, अन् मटनवाल्याले नेमकं काय म्हणता तेही.

दर्यापूरहून – कापून ठेवलेला खिमा घेऊच नका. रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, तुकडा दाखव म्हणायचं, वरची झिल्ली अन् चरबी आपल्यासमोर काढून घ्यायची, मगच खिमा. मी तर सत्तूरनंच करून घेतो, मशीनमधे आधीच्या गिऱ्हाइकाचं अडकून राहते. गर्दी असली की तो तोंड वाकडं करते, करू द्या. एकदा गप्पांत राहिलो तर पठ्ठ्यानं पोटाकडचा लोंबता भाग घातला, घरी गंजात (पातेल्यात) थेंबभर तेल नव्हतं टाकलं तरी खिमा स्वतःच्याच चरबीत पोहत होता.

आर्वीकडून – खिमा झाल्यावर धुवू नका, सगळं पाणी धरून बसते. धुवायचंच तर आधी तुकडा धुवा, फडक्यानं पुसा. रानाच्या खिम्याले स्वतःची चरबी फारशी नसते म्हणून कुकरात तो कडक येते. मी पसरट कढई चांगली तापवते, खिमा टाकून सराट्यानं गोळे फोडत राहते. आधी पाणी सुटते, मग आटते, अन् खदखद जाऊन चर्र आवाज आला की अद्रक-लसूण, मसाला अन् एक डाव फेटलेलं दही. मग गरम पाण्याचा हबका मारून झाकण, मंद आच, बोटात दाबून मऊ लागेपर्यंत. हिवाळ्यात तुरीचे सोले (ओले दाणे) टाकते, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर.

उमरेडकडचा – एक सांगू का, चरबी काढायची अन् सावजी म्हणून वाटीभर सुकं खोबरं वाटून घालायचं, याले काय अर्थ आहे? मी खोबरं चमचाभर, बाकी भाजलेला कांदा, थोडी खसखस अन् भिवापुरी मिरची. रस्सा पातळ वाटला तर भाजलेलं ज्वारीचं पीठ.

घाटंजीकडून – माझी चूक ऐका. मे महिना, बाजारात अकराला खिमा घेतला, गाडीच्या डिक्कीत ठेवून बी-बियाण्यांच्या दुकानात बसलो, घरी पोचलो तीनले. वास आला, कुत्र्यालेही नाही घातला. अख्ख्या तुकड्याचं बाहेरचं बाहेरच राहते, खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्यायचा, त्याच दिवशी करायचा अन् आत गुलाबी ठेवायचा नाही. थर्मामीटर असणाऱ्यांसाठी, मटनाच्या खिम्याले ७१ अंश, चिकनच्याले ७४. चिकनचा घ्याल तर छातीचा, कातडी काढून, पण तो लवकर कोरडा पडते, लक्ष ठेवा.

धागा मीच काढला होता – काल रान घेतलं, कुकर काढलाच नाही, आर्वीवाल्या ताईंसारखं कढईत केलं. बाबा दोन भाकरी जेवले. हात धुताना आईले हळूच विचारलं, तर्री वेगळी काढून ठेवली का?